बावटा आणि चावडी : किनारपट्टीवरच्या सरकारी सूचना कशा वाचाव्यात

कोकणातल्या कोणत्याही बंदरगावात ग्रामपंचायतीच्या फलकासमोर क्षणभर उभे राहिले, तर दोन प्रकारचे कागद शेजारी शेजारी डकवलेले दिसतात. एक समुद्राचा असतो : अमुक ठिकाणी नौका बुडालेली आहे, अमुक तारखांना गोळीबाराचा सराव आहे, खाडीच्या मुखाशी गाळ काढण्याचे काम सुरू आहे. दुसरा जमिनीचा असतो : फेरफाराची नोटीस, मोजणीची तारीख, भूसंपादनाची अधिसूचना. दोन्हींची भाषा जड असते, अक्षर बारीक असते आणि खालचा शिक्का बहुधा पुसट असतो, म्हणून माणसे न वाचताच पुढे जातात. या दोन कागदांचा स्वभाव मात्र एकमेकांच्या उलट आहे, आणि तो ध्यानात घेतला की वाचनाची अर्धी अडचण सुटते. समुद्राची सूचना मुदत दिलेली नसेल तर ती रद्द झाल्याची दुसरी सूचना निघेपर्यंत लागू राहते. कागद जुना झाला म्हणून धोका गेला असे होत नाही. जमिनीच्या सूचनेत धोका कागदात नसून मुदतीत असतो, आणि ती मुदत एकदा निघून गेली की तोच हक्क मागायला वरच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आधी समुद्राचे पाहू. भारताच्या सागरी नकाशांची दुरुस्ती देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाकडून होते, आणि ‘नाविकांना सूचना’ या नावाने ती दर पंधरवड्याला प्रसिद्ध केली जाते. तातडीचे इशारे याहून वेगळे असतात; ते रेडिओ आणि उपग्रहामार्फत जहाजांना जातात, आणि आपल्या समुद्रापुरते त्यांच्या समन्वयाचे काम भारताकडेच आहे. राज्यातील लहान बंदरे आणि खाड्या यांच्याविषयीच्या स्थानिक सूचना महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर अधिकाऱ्यांकडून निघतात, मासेमारीसंबंधीचे आदेश मत्स्यव्यवसाय विभागाकडून येतात आणि दीपस्तंभांची देखभाल दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालयाकडे असते. म्हणून कागद हाती आल्यावर पहिल्यांदा वरचे कार्यालय, जावक क्रमांक आणि तारीख पाहावी. नकाशाच्या सूचनेत क्रमांकापाशी टी हे अक्षर असेल तर ती तात्पुरती असते आणि पी असेल तर पूर्वसूचना असते. या दोन्ही नकाशावर पेन्सिलीनेच टिपायच्या असतात, कारण त्या पुढे खोडायच्या किंवा बदलायच्या असतात.

सर्वांत जास्त चुका स्थान वाचताना होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. समजा सूचनेत बुडालेल्या नौकेचे स्थान 17° 12'.5 उत्तर, 73° 04'.0 पूर्व असे दिले आहे. यातील 12'.5 म्हणजे साडेबारा कला, आणि एका अंशात साठ कला असतात. मोबाईलवर किंवा जीपीएसवर आकडा दशांश अंशांत मागितला असेल, तर साडेबाराला साठने भागून 17.2083 असे लिहावे लागते. घाईत पुष्कळजण 17.125 असे टाकतात. दिसायला तो जवळचा वाटतो, पण तो बिंदू 17° 07'.5 वर पडतो, म्हणजे खऱ्या जागेपासून पाच कला दक्षिणेला. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात 1852 मीटर. तेव्हा या एका चुकीने धोक्याची जागा सव्वानऊ किलोमीटर सरकते, आणि तांडेल (नौकेचा प्रमुख) ज्या पाण्याला मोकळे समजून जाळे टाकतो तेथेच सांगाडा असतो. यासाठी यंत्राच्या सेटिंगमध्ये अंश आणि कला ही पद्धत निवडून सूचनेतला आकडा जसाच्या तसा भरणे, आणि नंतर शेजारच्या दुसऱ्या माणसाकडून तो वाचून घेणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

वेळेचेही असेच आहे. तातडीच्या इशाऱ्यांत वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते आणि तारीख तिच्या आधी जोडलेली असते. गोळीबाराच्या सरावासाठी 210300 ते 211200 असे लिहिले असेल, तर 21 तारखेला जागतिक वेळेप्रमाणे तीन ते बारा, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. साडेपाच तास मिळवायचे विसरले तर मच्छीमार पहाटेच्या सुरक्षित वेळेत धक्क्यावर बसून राहतो आणि नेमका सराव सुरू असताना त्या क्षेत्रात शिरतो. दीपस्तंभाच्या प्रकाशाविषयीची सूचना वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्यातील दिशांचे अंश समुद्रातून दीपस्तंभाकडे पाहणाऱ्याच्या नजरेने दिलेले असतात, दीपस्तंभावरून समुद्राकडे पाहणाऱ्याच्या नव्हे.

बंदरावर चढवल्या जाणाऱ्या बावट्यांबद्दलचा एक समज दूर करणे मला फार आवश्यक वाटते. एक नंबर म्हणजे किरकोळ आणि आकडा वाढेल तसा धोका वाढत जातो, असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. प्रत्यक्षात एक आणि दोन नंबरचे बावटे दूरच्या समुद्रातील हवामानाविषयी असतात. दोन नंबरचा अर्थ दूर समुद्रात वादळ तयार झाले आहे आणि बंदर सोडून निघणाऱ्या नौकांना त्याचा धोका आहे. तीन नंबरचा बावटा त्याच बंदरावर सोसाट्याचे वारे येण्याची शक्यता सांगतो, तर चार नंबरचा बावटा समुद्रातील वादळ पुढे बंदरापर्यंत पोहोचू शकते असे सांगतो. म्हणजे खोल समुद्रात आठवडाभरासाठी निघालेल्या ट्रॉलरला तीनपेक्षा दोन अधिक महत्त्वाचा ठरू शकतो. किनाऱ्यावर वारा पडलेला आहे, म्हणून दोन नंबरकडे पाठ फिरवून कोणीही बंदर सोडू नये.

सूचना वाचणाऱ्याने सूचना देणाराही व्हावे. पाण्यात तरंगणारा ओंडका, तुटून वाहत आलेला बोया, बंद पडलेला दिवा किंवा पावसाळ्यात सरकलेला वाळूचा दांडा प्रथम दिसतो तो मच्छीमारालाच. उभ्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा बोया दिसला तर तो नव्याने बुडालेल्या नौकेची खूण आहे हे ओळखून लांबून जावे. काळ्या बोयावर लाल पट्टे आणि माथ्यावर दोन काळे गोळे असतील तर तेथे एकांडा धोका आहे, म्हणजे सभोवार पाणी मोकळे असले तरी बोयाजवळ खडप किंवा सांगाडा आहे. नवा धोका दिसल्यास स्थान, वेळ आणि भरती-ओहोटी यांची नोंद करून नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या 16 क्रमांकाच्या चॅनेलवर सांगावे, परतल्यावर बंदर कार्यालयात लेखी द्यावे आणि जीवितास धोका असल्यास तटरक्षक दलाला 1554 वर कळवावे.

आता चावडीकडे वळू. जमिनीच्या सूचनेत सर्वप्रथम कायद्याचे नाव आणि कलम शोधावे, कारण मुदत त्यावर ठरते. भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत कायदा, 2013 च्या कलम 11 खालील प्राथमिक अधिसूचना असेल, तर कलम 15 प्रमाणे हरकतीसाठी 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 च्या कलम 3अ खालील अधिसूचना असेल, तर केवळ 21 दिवस असतात, आणि पुढे कलम 3ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे सरकारच्या मालकीची होते. शेजारच्या गावात रस्त्यासाठी दोन महिने मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, हा हिशेब येथे घातक ठरतो. कलम 11 ची अधिसूचना निघाल्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या जमिनीचा व्यवहार करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्या काळात घाईने केलेली खरेदीखते नंतर डोकेदुखी होतात.

भूसंपादनाहून कितीतरी अधिक वेळा घरी येतो तो कागद म्हणजे नमुना 9 ची फेरफार नोटीस. खरेदी, वारस, वाटणी किंवा बोजा यांची नोंद गाव नमुना 6 मध्ये (फेरफार नोंदवहीत) धरली की तिची प्रत चावडीवर लागते आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे हरकत तोंडी किंवा लेखी कशीही घेता येते, आणि तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी) ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन लगेच लेखी पोच द्यायची असते. ही पोच मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो, तो सोडावा. मुंबई-पुण्याला किंवा परदेशात राहणाऱ्यांना ‘आपली चावडी’ या शासनाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून या नोटिसा घरबसल्या पाहता येतात. महिन्यातून दोनदा पाहिले तर पंधरा दिवसांची खिडकी चुकत नाही.

कोकणात अडचण येते ती सामाईक खात्यांत. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव त्यांच्या निधनानंतर बावीस वर्षे तसेच राहिले होते. एका हिस्सेदाराने केलेल्या व्यवहाराची नोटीस त्यांच्याच नावाने निघाली आणि पाकिटावर ‘घेणारा मयत’ असा शेरा येऊन परत गेली. गणपतीला घरी आलेल्या चुलत भावाने चावडीवर सर्व्हे नंबर ओळखला, तेव्हा तीन दिवस उरले होते. म्हणून सूचना येण्याची वाट न पाहता वारस नोंद आधी करून घ्यावी, आणि आठ अ (खाते उतारा) वरील प्रत्येक नावाचा आजचा पत्ता कार्यालयात लेखी कळवून ठेवावा.

हरकतीचा अर्ज एका पानाचा असावा. वर फेरफार क्रमांक किंवा अधिसूचनेचा क्रमांक व तारीख, गाव, सर्व्हे अथवा गट नंबर, हिस्सा आणि क्षेत्र लिहावे. मग आपला हक्क कोणत्या कागदाने आहे ते. मग नेमकी हरकत. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘हिस्सा क्रमांक 4 मधील माझे 12 गुंठे क्षेत्र नोंदीत वगळले आहे’ असे लिहिले, तर अधिकाऱ्याला त्यावर निर्णय द्यावाच लागतो. मोजणीची नोटीस आली तर त्या दिवशी लगतधारक म्हणून स्वतः हजर राहावे, हद्दीच्या खुणा दाखवाव्यात, आणि जबाब लिहून झाल्यावर तो वाचल्याखेरीज सही करू नये. हरकत फेटाळून नोंद प्रमाणित झाली असेल, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते.

जेट्टी किंवा बंदराचे काम निघते तेव्हा समुद्राचा आणि जमिनीचा कागद एकाच प्रकल्पाचे असतात, पण ते वेगवेगळ्या कार्यालयांतून आणि वेगवेगळ्या आठवड्यांत येतात. गाळ काढणाऱ्या यंत्रनौकेची तात्पुरती सूचना बंदर कार्यालयाच्या दारावर असते, आणि पोहोचरस्त्याच्या संपादनाची अधिसूचना तहसील कार्यालयात. मच्छीमार सोसायटीने यासाठी एकच वही ठेवावी : डावीकडे समुद्राची सूचना, उजवीकडे जमिनीची, प्रत्येकीपुढे कार्यालय, जावक क्रमांक, मिळाल्याची तारीख आणि शेवटचा दिवस. शेवटच्या दिवसाभोवती लाल शाईने गोल करावा, आणि अर्ज नेताना दोन प्रती न्याव्यात, म्हणजे एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी परत आणता येते.