बेळगावातनं देश फिरायला निघताय, तर गाडीघोड्याची तयारी आधी करा

घरची सगळी मंडळी घेऊन मोठी ट्रिप काढायची म्हटलं की आपल्याकडं आधी हॉटेल बघतात, काय काय बघायचं त्याची चर्चा महिनाभर चालते आणि गाडीचं मात्र "बघू की नंतर" म्हणून ठेवून देतात. तसं करू नका. हॉटेल आयत्या वेळीपण मिळतंय, सहा जणांची कन्फर्म तिकिटं मिळत नाहीत. त्यात आपण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं, कुठंही जायचं तरी आधी आपल्या भागातनं बाहेर पडायची वाट ठरवायला लागते, आणि तीच बरोबर ठरली की पुढचं निम्मं काम झालं असं समजा.

म्हणून पहिल्यांदा दिशा ठरवा. दिल्ली, आग्रा, मथुरा करायचं असेल तर वास्कोहून हजरत निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस रोज बेळगाववरून जाते, साधारण दीड दिवस लागतोय पण गाडी बदलायची कटकट नाही, आणि मथुरा-आग्राच करायचं असेल तर दिल्लीपर्यंत जाऊन मागं यायची गरजच नाही, वाटेतच उतरा. राजस्थानला जोधपूर, अजमेरकडं जाणाऱ्या बंगळूरच्या गाड्याही आपल्याकडनं जातात, पण रोज नाहीत, म्हणून वार बघूनच रजा टाका. काशी, जम्मू असं काही असेल तर सरळ पुणं गाठा, तिथनं पर्याय जास्त आहेत, आणि पुण्यापर्यंत हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालीय (रोज नाही, तीपण वार बघून). दक्षिणेला जायचं तर हुबळी नाहीतर बंगळूर. निपाणीकरांना गावात रेल्वे नाही, त्यांनी कोल्हापूर धरावं, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज जवळ पडतंय.

विमानानं जाणार असाल तर सांबऱ्यातनं (बेळगावचं विमानतळ) थेट विमानं मोजक्याच शहरांना आहेत आणि वेळापत्रक बदलत राहतंय, म्हणून कोल्हापूर, हुबळी आणि गोवा हे तिन्ही बघूनच बुक करा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत हे नीट लक्षात ठेवा, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, दोन्हींमध्ये चांगलंच अंतर आहे, आणि जातानाचं तिकीट एकीकडचं, येतानाचं दुसरीकडचं असं सहज होऊन जातंय. पावसाळ्यात चोर्ला घाटानं गोव्याला जायचं असेल तर दोन-तीन तास हाताशी जास्तच ठेवा.

आता रेल्वेचं रिझर्वेशन. नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतंय, तेव्हा कॅलेंडरवर ती तारीख आत्ताच मार्क करा आणि त्या दिवशी सकाळी आठ वाजता बसायचं कोण तेपण ठरवा. तत्काळ म्हणजे आदल्या दिवशी, एसीसाठी दहा वाजता आणि स्लीपरसाठी अकरा वाजता, पण जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ आधार जोडलेल्या खात्यावरनंच मिळतंय, म्हणून खातं आधारला आठ-पंधरा दिवस आधीच जोडून घ्या, आयत्या दिवशी ओटीपी येत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट होईपर्यंत वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतंय, पैसे परत येतात पण गाडीत चढता येत नाही. मधल्या स्टेशनावरनं चढणाऱ्यांना कोटा कमी असतो, म्हणून बरेच जण गाडी जिथनं सुटते तिथनं तिकीट काढून बेळगावला चढतात, हे चालतंय, फक्त बोर्डिंग स्टेशन गाडी सुटायच्या २४ तास आधीच बदलून घ्या, नाहीतर टीसी तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो.

आजी-आजोबा सोबत असतील तर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लोअर बर्थचा एक वेगळा कोटा असतोय, ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना, पण एका तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसं असतील तरच तो लागतो. आपण काय करतो, सहाच्या सहा नावं एकाच तिकिटावर घालतो आणि मग आजीला वरचा बर्थ येतो. त्यांचं तिकीट वेगळं काढा, डबा तोच मिळाला नाही तरी चालेल, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री मिडल बर्थवर चढायला लावणं बरोबर नाही. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, म्हणून बजेट पूर्ण भाड्याचं धरा.

मोठ्या शहरात स्टेशनं एकापेक्षा जास्त असतात, तिकिटावरचं नाव वाचूनच रिक्षात बसा. दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार. काशीत वाराणसी जंक्शन वेगळं, बनारस वेगळं (हे आधीचं मंडुआडीह), आणि मुगलसरायला आता दीनदयाळ उपाध्याय म्हणतात, ते तर गंगेपलीकडं. काश्मीरला जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत जाते, चिनाब पुलावरनं, पण दिल्लीहून थेट नाही, मध्ये गाडी बदलायला लागते. तिकडं आपली प्रीपेड सिमं चालत नाहीत, निदान एकाकडं तरी पोस्टपेड असू दे. ईशान्येकडं अरुणाचल, नागालँड, मिझोरामला इनर लाइन परमिट (त्या राज्यात शिरायचा सरकारी परवाना) आधी काढायला लागतंय, आणि तिथं डोंगरात बसपेक्षा शेअरच्या सुमो जास्त. लेह, मनालीकडं टॅक्सी युनियनचे रेट ठरलेले असतात, स्टँडवर विचारूनच बसा.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेला धुकं असतंय आणि गाड्या पाच-सहा तास लेट होणं काही विशेष नाही. त्या दिवसांत एका गाडीतनं उतरून दोन तासांत दुसरी पकडायचा प्लॅन करूच नका, मध्ये एक मुक्काम टाका. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही जायचंच रद्द केलं तर गाडी सुटायच्या आत टीडीआर (पैसे परत मागायचा रेल्वेचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे मिळतात. चौकशी, तक्रार सगळ्याला रेल्वेचा १३९ हा नंबर.

स्वतःची कार नेणार असाल तर फास्टॅगचा वर्षाचा पास बघा, ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० टोल होते, आत्ताचा दर बघून घ्या, पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नाही. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवताना पिवळी पाटी आणि ऑल इंडिया परमिट डोळ्यानं बघा, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं स्वस्त मिळते पण काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

सामानात पॉवर बँक विमानाच्या चेक-इन बॅगेत नको, हातातल्या बॅगेत ठेवा, आणि सुकं खोबरं विमानात चालत नाही, म्हणून पूजेचं सामान नीट तपासा. कुंदा, करदंट घेऊन जा की, पण वजन बघून. स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही, थंडीत उत्तरेला जाताना घोंगडी पाहिजेच.

शेवटी बसचं. शक्ती योजनेचं (कर्नाटक सरकारची बायकांसाठीची) फुकट तिकीट कर्नाटकाच्या आतल्या साध्या गाड्यांना आहे, कोल्हापूर-पुण्याच्या आंतरराज्य गाडीला नाही, बायकांनी भाडं धरूनच निघावं. आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर काही तापलं की पहिल्यांदा बंद होतात त्या बसच, २०२५ च्या फेब्रुवारीतपण दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या होत्या. म्हणून पुण्याहून पुढची रेल्वे किंवा विमान बसच्या भरवशावर त्याच दिवशी ठेवू नका, आदल्या दिवशीच पुण्यात पोचा. परत येतानाचा शेवटचा टप्पा १ नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागात काळा दिवस) आणि डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असताना शक्यतो टाळा, जमत नसेल तर मिरज ते बेळगाव रेल्वेचंच तिकीट काढून ठेवा.