दिव्यांगत्वावरून नोकरीत भेदभाव: तक्रारीत काय घ्यावे, काय वगळावे

तक्रारीची चौकशी होते ती अर्जात लिहिलेल्या मुद्द्यांची. सुनावणीत कर्मचारी दहा वर्षांचे सगळे सांगतो, पण अर्जात एवढेच असते की "वरिष्ठ त्रास देतात". मग कार्यालयाचा प्रतिनिधी म्हणतो, हे अर्जात नाही, आणि खरा मुद्दा बाहेर राहतो. म्हणून लेखणी उचलण्याआधी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आपले गाऱ्हाणे कुठे बसते ते बघा.

आधी मालक कोण ते ठरवा. कलम २० फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे. खाजगी कंपनीविरुद्धच्या अर्जात कलम २० लिहिले की पहिला आक्षेप तिथेच येतो. खाजगी नोकरीसाठी आधार घ्यायचा तो दिव्यांगत्वावरून भेदभाव न करण्याच्या कलम ३ चा आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांतील नियम ३ चा. कंपनीने समान संधी धोरण जाहीर केले आहे का, तेही कलम २१ खाली विचारता येते.

मग गाऱ्हाण्याचा प्रकार. कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव हा हेतूने होतो तसाच परिणामानेही होतो. त्यामुळे साहेबांच्या मनात काय होते हे सिद्ध करत बसू नका. वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच आहे: स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर), रॅम्प, तळमजल्यावरची जागा, बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी. या सोयीचा खर्च कर्मचाऱ्याकडून, अर्धवटसुद्धा, वसूल करता येत नाही.

सरकारी नोकरीत आणखी दोन भक्कम मुद्दे आहेत. केवळ दिव्यांगत्वामुळे बढती नाकारता येत नाही. आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर काढून टाकता येत नाही की पदावनतही करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे लागते. अपघातानंतर "स्वेच्छानिवृत्ती घ्या" असा सल्ला मिळालेल्यांनी हे कलम २०(४) अर्जात नाव घेऊन लिहावे. मात्र कामाचे स्वरूप पाहून सरकार काही आस्थापनांना अधिसूचनेने कलम २० मधून सूट देऊ शकते. तशी अधिसूचना आपल्या पदाला लागू आहे का, ते आधी तपासा.

प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व नाही म्हणून अनेकजण अर्जच करत नाहीत. ही चूक आहे. ती अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. वाजवी सोयीसाठी ती अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात २०२१ साली स्पष्ट केले.

आता लिखाण. प्रत्येक घटनेत पाच गोष्टी हव्यात: तारीख, काय मागितले, काय उत्तर मिळाले, नुकसान काय झाले आणि त्याचा दिव्यांगत्वाशी संबंध. हा शेवटचा धागाच बहुतेक अर्जांत सुटतो. समजा, दृष्टी अधू असलेल्या लिपिकाला वार्षिक मूल्यमापनात वाईट शेरा मिळाला. "शेरा अन्यायकारक आहे" एवढे लिहिले तर तो साधा सेवाविषयक वाद ठरतो. त्याऐवजी असे लिहा: "३ जूनला स्क्रीन रीडरची लेखी मागणी केली. उत्तर नाही. त्यामुळे ऑनलाइन नोंदी उशिरा झाल्या आणि त्याच उशिराचे कारण देऊन शेरा दिला." मागणीची पोच जोडा. तोंडी मागणी केली असेल तर आजच ई-मेलने पुन्हा करा.

वगळायचे काय? सेवाज्येष्ठता, थकबाकी, रजा यांचे जे वाद दिव्यांगत्वाशी जोडता येत नाहीत, ते प्रशासकीय न्यायाधिकरण किंवा कामगार न्यायालयाचे. लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केला असेल तर तो कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. त्याची तक्रार पोलिसांकडे वेगळी द्या. हाच वाद न्यायालयात चालू असेल तर ते लपवू नका.

शेवटी मागणी नेमकी लिहा. "न्याय मिळावा" म्हणजे काय करायचे, हे चौकशी अधिकाऱ्याला कळत नाही. "स्क्रीन रीडर द्यावा, शेरा रद्द करावा, बढतीचा फेरविचार व्हावा" हे कळते.

सरकारी कार्यालयात अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या आणि नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या, कारण चौकशीचे दोन आठवडे नोंदणीपासून मोजतात. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. खाजगी ठिकाणी आस्थापना प्रमुखाकडे अर्ज करा. त्याने कारवाई करायची किंवा आपली कृती कशी समर्थनीय आहे ते लेखी कळवायचे. ते लेखी उत्तर जपून ठेवा, पुढच्या पायरीवर तोच सर्वांत उपयोगी कागद ठरतो. पुढची पायरी म्हणजे आयुक्त: राज्याच्या बाबतीत पुण्यातील राज्य आयुक्त, केंद्रीय कार्यालयांसाठी दिल्लीतील मुख्य आयुक्त. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार आहेत, पण त्यांचा आदेश शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. ही शिफारस अमान्य केली तर आस्थापनेने तीन महिन्यांत कारणे कळवायची असतात. बदली किंवा निवृत्तीला तातडीची स्थगिती हवी असेल तर उच्च न्यायालयाचा किंवा न्यायाधिकरणाचा विचार लगेच करा.

अर्ज दिल्यानंतर नवी घटना घडली, उदाहरणार्थ तक्रारीनंतर आठवड्यात लांबची बदली, तर ती जुन्या अर्जात आपोआप धरली जात नाही. जुना नोंदणी क्रमांक घालून, तारखेसह पुरवणी अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या.