श्वासाचं कीटोन यंत्र घेताय? उन्हाळ्याआधीची तयारी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत ही तयारी उरकून घ्या. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला, त्यात उलट्या-जुलाब लागले आणि अंगातलं पाणी कमी झालं, की टाइप १ मधुमेहात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळून बनवतं ते पदार्थ, काही तासांत चढतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या टाइप २ वाल्यांनीही ही यादी आपलीच समजावी.

सगळ्यात आधी रक्तातले कीटोन मोजणारं मीटर आणि त्याच्या पट्ट्या घ्या. साध्या ग्लुकोमीटरवर बहुधा कीटोन मोजता येत नाहीत. औषधाच्या दुकानात ‘शुगरच्या नाही, कीटोनच्या पट्ट्या’ असं स्पष्ट सांगा, मुदत तपासा, आणि मागवाव्या लागणार असतील तर आजच सांगून ठेवा. श्वासाचं यंत्र त्यानंतर. बोटं टोचून कंटाळलेल्या लेकराला ते किती हवंसं वाटतं हे मला कळतं, तरी हा क्रम मोडू नका. पट्टी रक्तातला मुख्य कीटोन, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, मोजते; यंत्र श्वासातलं ॲसिटोन, म्हणजे दुसराच कीटोन. दोन्ही बहुधा बरोबरीनं वाढतात, पण एकाच्या आकड्यावरून दुसरा नेमका काढता येत नाही. बाजारातली बरीच यंत्रं तर कीटो डाएट करणाऱ्यांसाठीच आहेत. आणि खरी अडचण ऐनवेळी येते: कीटोन फार वाढले की माणूस जोरजोरात, खोल श्वास घेतो, ओकतो, मग एकसारखी लांब फुंकर मारणार कशी?

म्हणून यंत्राची ओळख तब्येत बरी असतानाच करून घ्या. सकाळी उपाशीपोटी फुंका, त्याच वेळी पट्टीवरही मोजा, दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहा. उपवासाच्या दिवशीही लिहा, कारण उपवासानंही ॲसिटोन वाढतं. सॅनिटायझर किंवा माउथवॉश वापरल्यावर लगेच फुंकू नका. अल्कोहोलनं बरेच सेन्सर फसतात. फुंकर शेवटपर्यंत मारा, फुप्फुसाच्या खोलातली हवा शेवटीच येते. यंत्र नि पट्ट्या गाडीच्या डिक्कीत किंवा कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नका.

आता आकडे कपाटाच्या दारावर चिकटवा, पण रक्ताचेच. ०.६ मिलिमोलच्या आत ठीक. ०.६ ते १.५ म्हणजे पाणी पीत राहा आणि एक-दोन तासांत पुन्हा मोजा. १.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन. ३ किंवा जास्त असेल, अथवा उलट्या थांबत नसतील, तर थेट दवाखाना. जादा इन्सुलिन किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. जेवण जात नाही म्हणून बेसल (दिवसभर पुरणारं, लांब असराचं) इन्सुलिन मात्र कधीच बंद करू नका. या गैरसमजाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. यंत्राचा आकडा कमी दिसला आणि पेशंट मलूल असला, तरी पट्टी लावाच.

शेवटी पिशवी: इन्सुलिन, दोन्ही प्रकारच्या पट्ट्या, ती वही, औषधांची चिठ्ठी. रात्री मेडिकलला जायचं की मेयोला (नागपुरातली दोन सरकारी रुग्णालयं), गाडी कोण काढणार, हे घरात बोलून ठेवा. गाडी नसेल तर १०८ ची रुग्णवाहिका आहेच. वरच्या दोन गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर दवाखान्यात पाय ठेवताच तिचं नाव सांगा. या गोळ्यांवर साखर २०० च्या आत असतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार) होतो, आणि नुसती साखर पाहिली तर तो हातचा निसटतो.