नुसता पी/ई बघून शेअर घेताय? या चुका टाळा

बडोद्याच्या मराठी घरांना शेअर बाजार नवा नाही. शहराचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंजसुद्धा होतं. नवं आहे ते मोबाइलवरचं अ‍ॅप. त्यावर पी/ई ६ दिसला की दांडिया बाजारातले काका लगेच सांगतात, "स्वस्त आहे, घेऊन टाक."

पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा. भावात घोळ नसतो, नफ्यात असतो. समजा, मकरपुऱ्यातल्या एका कंपनीचा भाव १२० रुपये आणि प्रति शेअर नफा २० रुपये आहे. पी/ई ६. पण नफा-तोटा पत्रकात 'एक्सेप्शनल आयटम्स'ची ओळ वाचली तर कळतं, २० पैकी १२ रुपये जुन्या कारखान्याची जमीन विकून आलेत. जमीन काही दरवर्षी विकायला मिळत नाही. धंद्याची कमाई ८ रुपये, म्हणजे पी/ई १५. आता काकांना विचारा, घेऊ का?

दुसरा घोळ स्टँडअलोन (फक्त त्या कंपनीचे) आणि कन्सॉलिडेटेड (इतर कंपन्यांतला हिस्साही धरून काढलेले) आकड्यांचा. आपल्याच गावची अलेंबिक बघा. अलेंबिक लिमिटेड वेगळी, अलेंबिक फार्मास्युटिकल्स वेगळी. बाजारात दोघींचे शेअर स्वतंत्र. लिमिटेडकडे फार्माचे शेअर्स आहेत, म्हणून तिच्या कन्सॉलिडेटेड नफ्यात फार्माच्या नफ्यातला हिस्सा धरला जातो. हातात रोख येते ती मात्र लाभांशापुरतीच. तुलना करताना दोन्ही कंपन्यांचे आकडे एकाच प्रकारचे घ्या.

बँकेला डेट-इक्विटी, म्हणजे कर्ज भागिले भागधारकांचं भांडवल, हे गुणोत्तर लावू नका. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या बँक ऑफ बडोदाच्या ताळेबंदात तुमची-आमची ठेव हीच देणी असते, त्यामुळे हा आकडा कायम भीतिदायक दिसणार. तिथे पी/बी (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नेटवर्थ, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरलेली रक्कम) आणि निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं) बघायचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रोख प्रवाह पत्रक न उघडणं. विक्री कागदावर झाली की नफा दिसतो. पैसे आले की नाही, हे ऑपरेटिंग कॅश फ्लो सांगतो. जीएसएफसीसारख्या खत कंपन्यांना अनुदानाची रक्कम सरकारकडून मागाहून मिळते, त्यामुळे एखाद्या वर्षी नफा आणि रोख जुळत नाही. हे चालायचंच. पण सरकारचा संबंध नसलेल्या धंद्यात नफा वाढतोय आणि रोख तीन-चार वर्षं मागेच राहतेय, तर माल उधारीवर खपवला जातोय का, हे तपासा.

ते तपासणंही आता सोपं झालंय. २०२१-२२ पासून येणी (ग्राहकांकडून यायची रक्कम) किती जुनी आहेत याचा तक्ता ताळेबंदाच्या टिपांत द्यावा लागतो. तीन वर्षांपेक्षा जुन्या रकान्यात मोठी रक्कम दिसली आणि ती बुडू शकते म्हणून नफ्यातून तरतूद केलेली नसली, तर ती नेटवर्थमधून वजा करून पी/बी पुन्हा काढा.