वसाहतींच्या अदलाबदलीचे तह वाचताना या चुका टाळा

‘हेलिगोलँड देऊन इंग्रजांनी जर्मनांकडून झांजिबार घेतलं.’ हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचलंय की आता लाल पेन आपोआप उचललं जातं. हेलिगोलँड हे उत्तर समुद्रातलं बेट, झांजिबार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं. पण झांजिबार जर्मनांचं कधी नव्हतंच. तिथे सुलतान होता. जे आपलं नाही ते कुणी देणार कसं?

सुरुवातीची काही वर्षं मीही हेच शिकवत होतो. एका चाचणीत एका मुलीनं हे वाक्य लिहायचं टाळलं, म्हणून मी तिचे दोन गुण कापले. तास संपल्यावर ती पेपर घेऊन टेबलापाशी आली. म्हणाली, “सर, जर्मनीनं झांजिबार दिलं म्हणताय, मग घेतलं कधी होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या सांगतो म्हणालो आणि त्या रात्री पहिल्यांदा ब्रिटन आणि जर्मनीतल्या १ जुलै १८९० च्या कराराची बाराही कलमं बसून वाचली. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिचे दोन गुण परत दिले.

कलमांत काय आहे ते बघा. झांजिबार आणि पेंबा या बेटांवर ब्रिटनचं संरक्षण असेल, याला जर्मनीनं मान्यता दिली. क्रियापद ‘मान्यता देणे’ आहे, ‘देणे’ नाही. जर्मनीनं खरोखर सोडलं ते विटू, आजच्या केनियाच्या किनाऱ्यावरचं. आणि जर्मनीला एकटं हेलिगोलँडच मिळालं असंही नाही. मुख्य भूमीवरचा जो किनारा सुलतानानं जर्मन कंपनीला चालवायला दिला होता, तो त्यानं भरपाई घेऊन कायमचा सोडावा म्हणून ब्रिटननं आपलं वजन वापरायचं, हेही ठरलं होतं. शिवाय फ्रान्स. झांजिबारच्या स्वातंत्र्याचा मान राखू, असं ब्रिटन आणि फ्रान्सनं १८६२ मध्ये मिळून जाहीर केलं होतं. त्यामुळे ऑगस्ट १८९० मध्ये ब्रिटनला मादागास्करवरचं फ्रेंच संरक्षण मान्य करून फ्रान्सची समजूत काढावी लागली. दोघांच्या करारात तिसरा कुठे आहे, हे शोधायची सवय लावून घ्या.

माझी पद्धत साधी आहे. वहीत प्रत्येक ठिकाणाचं नाव लिहितो आणि शेजारी एकच गोष्ट: सहीच्या आदल्या दिवशी तिथे कुणाचा अंमल होता? मग कलमातल्या क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ. दिलं, सोडलं, मान्य केलं, मध्यस्थी करू म्हटलं. याला तासभर लागतो. हल्ली मुलांना तासभर नको असतो, दोन ओळींच्या नोट्स हव्या असतात. त्या नोट्स आधीच्या नोट्सवरून उतरवलेल्या असतात आणि चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

नकाशाकडे दुर्लक्ष हीसुद्धा घाईचीच चूक. याच कराराच्या तिसऱ्या कलमानं जर्मन नैऋत्य आफ्रिकेला झांबेझी नदीपर्यंत जाणारी पट्टी मिळाली, कुठेही वीस इंग्रजी मैलांपेक्षा अरुंद नाही अशी. जर्मन चान्सलर काप्रिवी यांचं नाव तिला पडलं. आजच्या नामिबियाच्या नकाशावर ईशान्येला काठीसारखी बाहेर आलेली दिसते ती हीच. आता पट्टीच्या टोकावर बोट ठेवा आणि नदीच्या प्रवाहाबरोबर पुढे सरका. थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया धबधबा आहे. जर्मनांना या वाटेनं हिंदी महासागर गाठायचा होता, पण तिथून जहाजानं तो गाठता येणार नाही, हे कुठल्याही नोट्सपेक्षा ते बोट जास्त चांगलं सांगतं.

दुसरी चूक आपल्या घरची आहे: सही झाली म्हणजे ताबा मिळाला. ‘१६६१ मध्ये मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली’ हे वाक्य आपण पाठ करतो. मिळाली नाही. इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या लग्नाच्या करारात मिळेल असं कागदावर ठरलं, आणि तेही फुकट नाही. पोर्तुगालला स्पेन आणि डचांविरुद्ध इंग्लंडची मदत हवी होती. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन सैन्य घेऊन ताबा घ्यायला आला, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयनं चक्क नकार दिला. शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. रोगराईनं बहुतेक शिपाई तिथेच मेले, १६६४ मध्ये शिपमनही गेला. उरलेली मूठभर माणसं घेऊन हम्फ्री कुकनं फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला. तरी भांडण मिटलं नाहीच, कारण ‘मुंबई’ म्हणजे नेमकं किती, यावर एकमत नव्हतं. माहीम त्यात येतं की नाही? साष्टी? इंग्रज म्हणत येतं, पोर्तुगीज म्हणत नाही. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. पुढे ती मराठ्यांनी जिंकली, आणि इंग्रजांना मिळाली ती थेट १७७४ मध्ये, मराठ्यांशी लढून. एका शब्दाची हद्द ठरली नव्हती म्हणून शंभर वर्षांवर रखडलेलं प्रकरण आहे हे.

तारखा नीट बघा. तेव्हा इंग्लंडचं पंचांग पोर्तुगालच्या दहा दिवस मागे होतं आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून मुंबईच्या ताब्याची १८ फेब्रुवारी १६६५ ही तारीख इंग्रजी हिशेबात ८ फेब्रुवारी १६६४ होते. दोन्ही बरोबर आहेत, कुठलीही खोडू नका.

‘इंग्रजांनी डचांना जायफळाचं रून बेट (आजच्या इंडोनेशियातलं) देऊन मॅनहॅटन, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, घेतलं’ हेही असंच. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात जे ज्याच्या ताब्यात होतं ते त्याच्याकडेच ठेवलं. समोरासमोर देवघेव झालीच नाही. आणि न्यूयॉर्क कायमचं इंग्रजांचं झालं असंही तिथे थांबून लिहू नका. डचांनी ते १६७३ मध्ये परत घेतलं होतं, पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टरच्या तहानं सोडलं.

शेवटी, तिथली माणसं उत्तरातून गळतात. हेलिगोलँडकरांना विचारून बेट दिलेलं नाही, पण ब्रिटिश नागरिकत्व निवडायला त्यांना १ जानेवारी १८९२ पर्यंत मुदत होती, आणि करारापूर्वी जन्मलेल्यांना जर्मन लष्करी सेवेतून सूट. ही दोन्ही बाराव्या कलमात आहेत. झांजिबारच्या प्रजेसाठी असं एकही कलम नाही. दोन्ही गोष्टी उत्तरात शेजारी-शेजारी लिहा. मी त्याचे पूर्ण गुण देतो.