भिंतीवर चालणारी काडी : फवारणीआधी ओळख पटवा

श्रावण-भाद्रपदात कोकणात आणि घाटमाथ्यावर पडवीच्या खांबावर, पेरूच्या फांदीवर किंवा दिव्याजवळच्या भिंतीवर एखादी काडी हळूच चालताना दिसते. हा काडीकिडा. २०२२ मध्ये घोणस अळीची धास्ती राज्यभर पसरल्यापासून अनोळखी किडा दिसला की हात आधी पंपाकडे जातो. घोणस अळीचे काटे टोचून अंगाची आग होते हे खरे, पण आपल्याकडच्या काडीकिड्याला नांगी नाही, विषही नाही. तो निव्वळ पाला खातो, तोही रात्री.

ओळखायला पुढचे पाय बघा. काडीकिडा विसावताना ते सरळ पुढे ताणतो, डोके त्यांच्यामध्ये झाकले जाते. धक्का लागला तर खाली पडून निपचित राहतो, नाहीतर वाऱ्याने हलल्यासारखा झुलतो. पुढचे पाय काटेरी, दुमडून छातीशी धरलेले आणि डोके तिकोनी असेल, तर तो प्रार्थना कीटक. तो इतर किडे खातो, त्याला मुळीच मारू नका. फांदीवर चिकटलेला वाळलेल्या फेसाचा गोळा ही त्याची अंडी. छाटणीत तेवढी फांदी राखा.

भातखाचराजवळच्या घरात दिव्याला येणारा, शेपटीकडे लांब नळी असलेला किडा पाण्यातला शिकारी आहे. तो हाताने उचलू नका, सोंड टोचते.

खरी नजर ठेवायची ती उंटअळीवर. तीही काडीसारखी ताठ उभी राहते, पण चालताना पाठीची कमान करते. काडीकिड्याचे सहाही पाय लांब आणि सडपातळ असतात. उंटअळीचे डोक्याजवळचे पाय आखूड, मागचे मांसल. सोयाबीनवर ती दिसली तर शेताची पाहणी लगेच करा.

एक-दोन काडीकिड्यांसाठी औषधाचा खर्च करू नका. रोपवाटिकेत पेरू किंवा गुलाबाची पाने कडेने कुरतडलेली दिसली तर रात्री बॅटरी घेऊन ते वेचा. पाय धरून ओढू नका, पाय तुटतो. समोर काडी धरली की तो आपणच चढतो. मग कुंपणाच्या झुडपावर सोडा. दरवर्षी त्याच जागी दिसत असतील तर कुंड्यांखालचा पालापाचोळा झाडून काढा, कारण अंडी बियांसारखी जमिनीवर पडतात आणि महिनोन्‌महिने तशीच राहतात. काही जातींत मादी नराशिवायही अंडी घालते. तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांतली अशीच एक जात जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवली जाते.

तरीही खात्री होत नसेल तर पुढचे पाय आणि शेपटी स्पष्ट दिसेल असा बाजूने फोटो काढून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि उत्तर येईपर्यंत पंप भरू नका.