बेरजेच्या ट्रिकवर विसंबू नका: आययूपॅक नावं शिकणाऱ्यांसाठी

आययूपॅक (रसायनांच्या नावांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) पद्धतीने रेणूला नाव द्यायचं म्हणजे कार्बनची सगळ्यात लांब साखळी शोधायची, फांद्या ओळखायच्या, नंबर टाकायचे, ए-बी-सीच्या क्रमाने फांद्यांची नावं लिहायची. एवढं तुम्हाला येत असणारच, त्यामुळे ते परत उगाळत नाही. मी कोकणात लोट्याला एका कारखान्यात क्यूसी लॅबला (मालाची गुणवत्ता तपासतात तिथे) आहे. मे महिन्यात गावी गेले की आजूबाजूची अकरावी-बारावीची पोरं वह्या घेऊन पडवीत येऊन बसतात. शाळा वेगळी, क्लास वेगळा, पण बहुतेकांच्या वहीत एक ओळ लाल पेनाने चौकट करून लिहिलेली असते: ज्या बाजूने मोजून फांद्यांच्या नंबरांची बेरीज कमी येते, ते नंबरिंग बरोबर.

ही ओळ आत्ताच्या आत्ता खोडा. मीही ती एफवायपर्यंत बाळगून होते, म्हणून जरा जास्तच बोलणार आहे.

कागद घ्या. आठ कार्बनची सरळ साखळी काढा. डावीकडून दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइल (एका कार्बनची फांदी) आणि सहाव्यावर दोन मिथाइल लावा. डावीकडून मोजलं तर नंबर येतात २,६,६, बेरीज १४. उजवीकडून मोजलं तर ३,३,७, बेरीज १३. चौकटीतली ओळ सांगते, उजवीकडून मोजा. उत्तर चुकलं. बरोबर नाव २,६,६-ट्रायमिथाइलऑक्टेन.

कारण नियमात बेरीज हा शब्दच नाही. दोन्ही बाजूंचे नंबर चढत्या क्रमाने एकाखाली एक लिहायचे आणि पहिल्या आकड्यापासून जोडीजोडीने बघत जायचं. जिथे पहिला फरक सापडेल तिथे ज्याचा आकडा लहान, ते नंबरिंग घ्यायचं. इथे पहिल्याच जोडीत २ आणि ३ आले, २ लहान, विषय संपला. पुढे ६,६ असो नाहीतर कितीही मोठं, तिकडे बघायचंच नाही.

अजून पटत नसेल तर साखळी एका कार्बनने कमी करा. सात कार्बन, मिथाइल २,५,५ वर. उलट मोजलं की ३,३,६. दोन्हीकडे बेरीज १२! आता काय करणार, नाणं उडवणार? पहिल्या फरकाचा नियम इथेही एका सेकंदात निकाल देतो: २,५,५-ट्रायमिथाइलहेप्टेन.

मग ही खोटी ट्रिक इतकी वर्षं टिकली कशी? फांद्या दोनच असतील तर ती कधीच चुकत नाही, म्हणून. सात कार्बनच्या साखळीत एका बाजूने जो नंबर येतो तो ८ मधून वजा केला की दुसऱ्या बाजूचा मिळतो. दोनच नंबर असले की लहान सुरुवात आणि लहान बेरीज नेहमी एकाच बाजूला पडतात, करून बघा. पुस्तकातली सुरुवातीची गणितं बहुतेक दोन फांद्यांचीच. पोरगं ती पन्नास सोडवतं, सगळी बरोबर येतात, ट्रिक डोक्यात घट्ट बसते. तिसरी फांदी आली की कोसळते. आणि पेपर काढणाऱ्याला हे तुमच्याआधी माहीत असतं. पर्यायांत २,६,६ आणि ३,३,७ दोन्ही असतात. सीईटीला निदान निगेटिव्ह मार्किंग नाही, नीटला मात्र चार मिळायचे राहिले बाजूला, वर एक जातो.

ट्रिक शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला येतो, तरी दहावी झाली की आपल्याकडे घरोघरी लातूर, पुणे, कोल्हापूर सुरू होतं. तिथे चांगलं शिकवणारे नाहीत असं मी म्हणत नाही. पण नॉमेनक्लेचरसाठी, म्हणजे ही नावं द्यायला शिकण्यासाठी, घर सोडायची गरज नाही. कोरे कागद आणि 'का?' विचारल्यावर न चिडणारं एक माणूस पुरतं. 'हे असंच असतं, पाठ कर' म्हणणारे सर कितीही मोठे असोत, या विषयापुरतं त्यांचं ऐकू नका.

फंक्शनल ग्रुप (रेणूचा स्वभाव ठरवणारा अणूंचा गट, जसा अल्कोहोलचा ओएच) आला की बेरीजवाले पुन्हा घसरतात. ४,४-डायमिथाइलपेंटान-२-ऑल घ्या. उलट मोजून मिथाइलना २,२ मिळतात म्हणून पोरं ओएचला चारवर ढकलतात. नाही चालत. आधी मुख्य ग्रुपला लहान नंबर, मग डबल-ट्रिपल बाँडला, उरलंसुरलं फांद्यांना. मुख्य कोण ते ठरवायचा क्रम मात्र पाठच करा, त्याला इलाज नाही: ॲसिड, एस्टर, ॲसिड क्लोराइड, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, अमाइन. हॅलोजन आणि नायट्रो कायम नावाच्या सुरुवातीलाच लागतात, त्यांच्या नावाने शेवट होत नाही. आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक लक्षात ठेवा, क्रम इंग्रजी अक्षरांचा लागतो. क आधी म्हणून क्लोरो आधी लिहाल तर चुकाल. ब्रोमो आधी: १-ब्रोमो-२-क्लोरोइथेन.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग. चिंचेतलं टार्टारिक ॲसिड म्हणजे २,३-डायहायड्रॉक्सीब्युटेनडायोइक ॲसिड. टोकाच्या दोन्ही सीओओएचचे (ॲसिडच्या गटाचे) कार्बन साखळीत मोजले, म्हणून चार, म्हणून ब्युटेन. मग लिंबातल्या सिट्रिक ॲसिडचं नाव २-हायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बोक्सिलिक ॲसिड कसं? प्रोपेन कुठून आलं? चित्र काढा. तीन कार्बन, तिघांवर एकेक सीओओएच, मधल्यावर एक ओएच. टोकाचे दोन ॲसिड साखळीत घेतले तर पाच कार्बन होतात खरे, पण मधलं बिचारं फांदी होऊन बसतं. तिघं एकाच दर्जाचे, मग एकाला खाली का बसवायचं? म्हणून तिघांनाही साखळीच्या बाहेर ठेवतात, नावाच्या शेवटी एकत्र मोजतात, आणि त्यांचे कार्बन साखळीत धरत नाहीत. शेवटी 'ओइक' असेल तर कार्बन आत, 'कार्बोक्सिलिक' असेल तर बाहेर. हे पटलं असेल तर आमसुलातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिडचं नाव स्वतः लिहा. सिट्रिकच्याच साखळीत टोकाच्या एका कार्बनवर आणखी एक ओएच आहे, बस्स. १,२-डायहायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बोक्सिलिक ॲसिड आलं ना? मग तुम्हाला नॉमेनक्लेचर जमत नाही असं परत म्हणू नका.

कारखान्यात ही नावं कोणी उच्चारत नाही, हेही सांगून ठेवते. एमडीसी, आयपीए, ईडीसी अशी रसायनांची छोटी नावंच ऐकू येतात. सुरुवातीला वाटतं, शिकलेलं सगळं फुकट गेलं. पण ईडीसी म्हणजे १,२-डायक्लोरोइथेन, ते साधारण ८३ अंशाला उकळतं. दोन्ही क्लोरीन एकाच कार्बनवर गेले की १,१, आणि ते ५७ अंशाच्या आसपासच उकळतं. डिस्टिलेशन लावताना कागदावर नुसतं 'डायक्लोरोइथेन' लिहून कोणी आलं तर मी सही करत नाही.

शेवटची एक गोष्ट, कारण यावरून दरवर्षी कोणीतरी घाबरून फोन करतं. आययूपॅकने २०१३च्या शिफारशींत साखळी निवडायचा क्रम बदलला. पूर्वी डबल बाँड ज्या साखळीत आहे ती घ्यायचे, आता लांबीला आधी मान. त्यामुळे ज्याला तुमचं पुस्तक २-इथाइलपेंट-१-ईन म्हणतं, त्याचंच नाव मोबाइलवर ३-मिथिलिडीनहेक्झेन दिसू शकतं. दोन्ही एकच रेणू, काढून बघा. परीक्षेत पुस्तकातलं लिहा आणि पुढच्या प्रश्नाला लागा.